दगडावर मशीदच लिहिणार, आत्या

आत्या, तुझ्या दगडावरून भांडण झालं. जिवंत होतीस तेव्हा तुझ्यामुळं भांडणं काय कमी झाली, की जाऊन महिना व्हायच्या आत हे नवीन काढलंस? हस, हस. तुला हसायला काय जातंय! इथं सायमनकाका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आज शब्बाथ आहे आणि मी लिहायला बसलेय. शनिवारी हातात पेन धरायचं नाही हे तूच शिकवलंस, माहीत आहे. पण उद्या तुझ्या महिन्याच्या दिवसाची जारत, प्रार्थना होईल, मलिद्याचं ताट फिरेल, माणसं जमतील, आणि मग मला तुझ्याशी नीट बोलायला मिळणार नाही. तेव्हा आजचं पाप माझ्या नावावर घाल.

उद्याच सकाळी कबरीवर दगड बसवायचाय. वर हिब्रू अक्षरं, खाली तुझं नाव, मिलका, आणि त्याखाली मराठीत एक ओळ. ती ओळ लिहायचं माझ्याकडं आलं, कारण तुला मूलबाळ नाही आणि मला तू पोटच्या पोरीसारखं वाढवलंस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी लिहिलं, 'हिने पन्नास वर्षं मशिदीत दिवे लावले.' कागद सायमनकाकांकडं गेला. ते तुझे चुलतभाऊ, वर मशिदीच्या ट्रस्टचे सेक्रेटरी, त्यांना दाखवल्याशिवाय कसं चालेल? कागद परत आला तो लाल पेनाची काट मारून. 'मशिदीत' खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'सिनेगॉगमध्ये'.

एकच शब्द. एवढ्यावरून काय डोकं फोडायचं, असं कुणालाही वाटेल. रबाळ्याला ऑफिसात डबा खाताना मी सुजाताला हे सांगत होते तर ती घास हातात धरून बघतच बसली. म्हणाली, "एक मिनिट, एक मिनिट. तुम्ही ज्यू ना? मग मशीद कुठून आली मधेच?" मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की बाई गं, आम्ही बेने इस्राएल, या कोकणपट्टीत तेल गाळत पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आणि आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. उपासाला रोजा म्हणतो. सणाला सण म्हणतो. पुरलं जातं त्या जागेला कबरस्तान म्हणतो. जे शब्द शेजारीपाजारी होते ते घेतले आणि वापरले. सुजाता म्हणाली, "भारीच टेन्शन आहे तुमचं." टेन्शन आहेच. पण ते आमच्यात नव्हतं गं, नंतर आलं.

माझ्या लहानपणी तर या शब्दानं नुसती मजा आणली होती. नावड्याच्या पलीकडचं आपलं गाव, तेव्हा कॉलनी नव्हती, टॉवर नव्हते, चहूकडं भातखाचरं आणि मधे आपली तीसेक घरं. आई-पप्पा दोघं कारखान्यात, मी दिवसभर तुझ्याकडं. तू शिवणाच्या मशीनवर ब्लाउज शिवायचीस आणि शुक्रवारी दुपारी मशीन झाकून मशिदीत जायचीस. छतातून साखळ्यांनी टांगलेले ते काचेचे पेले. खाली पाणी, वर खोबरेल, आणि वाती वळायचं काम माझं. माझ्या वाती जाड व्हायच्या. तू म्हणायचीस, "एस्तू, दिवा लावायचाय, बैल बांधायचा नाही."

दुसरीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, सुट्टीत कुणी काय केलं. मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "आम्ही सगळे मशिदीत गेलो, आणि रोजा धरला." झालं! बाईंनी हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढं काहीतरी खूण केली आणि ईदच्या आधी मला म्हणाल्या, "तुला उद्या घरी थांबायचं असेल तर थांब हं बाळ." मी कशाला नाही म्हणतेय? घरी थांबले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर वर्गातली सगळी पोरं माझ्याभोवती. "शीरखुर्मा कुठंय?" मला शीरखुर्मा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. रडत घरी आले.

तू मशीन थांबवलंस, पांढरी साडी नेसलीस, आणि माझा हात धरून तशीच शाळेत. मला वाटलं आता बाईंची काही खैर नाही. बाई बिचाऱ्या उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "माफ करा, मला वाटलं ही मुसलमान. मशीद म्हणाली ना." तू म्हणालीस, "तिनं सांगितलं ते बरोबर आहे, बाई. तुम्ही लिहिलंत तेवढं खोडा. यहुदी लिहा." बाई म्हणाल्या, "मग तिला सांगा ना, मशीद म्हणू नकोस, घोटाळा होतो." त्यावर तू हसलीस. "घोटाळा झाला तर विचारायचं. माणसाला तोंड कशाला दिलंय?"

आणि त्या शुक्रवारी सकाळी तू शेवया आणून, नारळाच्या दुधात शिजवून, पातेलंभर शीरखुर्मा केलास. आयुष्यात पहिल्यांदा. गोड थोडं जास्त झालं होतं. सगळ्या वर्गाला वाटलास. "पोरांनी मागितलंय ना, मग द्यायचं," एवढंच तुझं म्हणणं. अजून शाळेतली मंडळी भेटली की त्या शीरखुर्म्याचं नाव काढतात.

आणि ते लग्नाचं! आपल्या नथानदादाच्या लग्नाला नवरीकडचं वऱ्हाड ठाण्याहून यायचं होतं. तू पत्र लिहून कळवलं होतंस, स्टेशनला उतरा आणि रिक्षावाल्याला सांगा मशिदीत जायचंय, कुणीही आणून सोडेल. रिक्षावाल्यांनी सोडलं की! तीन रिक्षा भरून माणसं पलीकडच्या गावातल्या खऱ्याखुऱ्या मशिदीत नेऊन उतरवली. इथं आपण हार घेऊन उभे, प्रार्थना म्हणणारे हझान घड्याळ बघतायत, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आपल्याकडचे बाकीचे वऱ्हाड शोधायला स्टेशनला गेलेले, मागं सातच हजर. तिथं वऱ्हाड हातपाय धुऊन, डोक्यावर टोप्या घालून, गारेगार फरशीवर आरामात बसलेलं. नवरीचे मामा अजान ऐकून म्हणाले म्हणे, "हझान नवीन दिसतो. आवाज चांगलाय." शेवटी तिथले चाचाच त्यांना म्हणाले, "साहेब, आज आमच्याकडं लगीन नाय. तुमची मशीद शेताच्या पलीकडं." चहा पाजून, स्वतः सायकलवर पुढं होऊन, त्यांनी सगळ्यांना आपल्या दारात आणून पोचवलं. तू चाचांना जेवल्याशिवाय सोडलं नाहीस. नंतर ते असेपर्यंत दर वर्षी मोठ्या रोजाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपल्याकडच्या पुऱ्या खायला यायचे, आणि आले की ओरडायचे, "मिलकाबाय, माझं वऱ्हाड बरंय का?"

म्हणजे बघ, दोन मशिदी होत्या, घोटाळा होत होता, आणि कुणाचंही काही बिघडत नव्हतं.

दारफळणीच्या सणाचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला आणि मलाच माहीत. वर्षातला सगळ्यात मोठा रोजा, दिवसभर पाणी नाही, पांढरे कपडे घालून पहाटे मशिदीत जायचं ते संध्याकाळी शोफारचं शिंग वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही. बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. मी नऊ वर्षांची होते आणि हट्टानं म्हणाले होते की या वर्षी मी पूर्ण रोजा धरणार. दुपारी दोनपर्यंत धरला. मग बाथरूमला जाते म्हणून मागच्या फाटकातनं सटकले ती थेट जनामावशीच्या ओट्यावर. जनामावशी आपली शेजारीण, आगरी, तिच्या घरी आपल्या सणाचा काही प्रश्नच नव्हता. ती मला बघून म्हणाली, "पोरी, तोंड कनाला सुकलंय गं तुजं? भूक लागली हाय काय?" आणि पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. आत्या, मी ती कशी खाल्ली माझं मलाच कळलं नाही. दीड भाकरी खाल्ली.

परत येऊन बायकांच्या गॅलरीत तुझ्याशेजारी गुपचूप बसले. तू मान न वळवता नुसतं नाक वर केलंस. म्हणालीस, "सुकट." सुकट तर आपल्यात रोजा नसतानाही चालत नाही, खवल्याशिवायचं काही खायचंच नाही. तू दात आवळून पुटपुटलीस, "रोजा मोडलास तो मोडलास, भवाने, वर सुकट? निदान केळं तरी खायचंस!" मला वाटलं आता पप्पांना सांगणार. तू उठलीस, गुलाबदाणी घेतलीस आणि माझ्या डोक्यावर, हातांवर, फ्रॉकवर गुलाबपाणी असं शिंपडलंस की मी चिंब झाले. "देवाला वास आलाच असेल, त्याचं तो बघेल. पप्पाला येता कामा नये." मग शोफार वाजेपर्यंत तू मला उभं ठेवलंस. पाच मिनिटंसुद्धा बसू दिलं नाहीस. शोफार वाजला, सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावायला लागले, तेव्हा तू सगळ्यात आधी माझे हात घेतलेस. सुकटाच्या हातांचं चुंबन घेणारी तू एकटीच असशील.

हे सगळं मला का आठवतंय? कारण असल्या बाईच्या बाबतीत मी जे केलं ते मला गिळता येत नाहीये.

दोन वर्षांपूर्वीचं बोलतेय. तीस घरांची चार घरं झाली होती. बाकीचे सगळे इस्राएलला, माझा भाऊसुद्धा. तुलाही किती जणांनी नेतो म्हटलं. तू म्हणायचीस, "मी गेले तर शुक्रवारी तेल कोण घालणार? तुम्ही फोनवरून घालणार का?" मी नेरूळला बाराव्या मजल्यावर राहायला गेले होते, रविवारी यायची. आणि आपल्या मशिदीच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले होते. फाटकावरची पाटी तीच, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'यहुदी मशीद'. माझ्या जन्माच्या आधीची. कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरवला. खाली लिहिलं होतं, इथं नवीन मशीद कधी झाली, परवानगी आहे का, जरा चौकशी करा. 'यहुदी' शब्द अर्धा कापला होता फोटोत.

चौकशी करायला सहा जण आले. तू एकटी होतीस, पेले पुसत. मी तिथं नव्हते, सायमनकाका मागनं पोचले, तू काय काय बोललीस ते त्यांनीच मला सांगितलं. ते सहा जण म्हणे आवाज चढवून विचारत होते, ही मशीद कधी बांधली. तू म्हणालीस, "बसा. पाणी घ्या. मशीद जुनीच आहे बाबांनो, नवे तुमचे टॉवर." मग त्यांना आत नेलंस, तोराच्या पोथ्यांची पेटी लांबून दाखवलीस, दिवे दाखवलेस, मनुकांचं सरबत पाजलंस. सहातले दोघं तर म्हणे जाताना तुझ्या पाया पडले. एकानं मात्र फाटकाशी वळून सांगितलं, "आजी, ते नाव तेवढं बदला. उद्या आमच्यासारखे समजूतदार लोक येतील असं नाही."

तू ते हसण्यावारी नेलंस. मला झोप लागेना. खरं सांगते, आत्या, मी टरकले. तू सत्तरीची, एकटी, ते जुनं लाकडी फाटक, एक लाथ मारली तर पडेल. मी फोन केला तर तू म्हणालीस, "शब्द काय कुणाच्या बापाचा सातबारा आहे? मी मशीद म्हणणार." मी ओरडले, "तू म्हण गं, पण पाटी कशाला?" तू म्हणालीस, "सिनेगॉग मला म्हणता येत नाही असं नाही. पण माझ्या आजीनं त्या नावाच्या जागेत कधी दिवा लावला नव्हता." आणि फोन ठेवलास. आपलं शेवटचं खरं भांडण ते. बाकीचं मी पाठीमागून केलं.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तू तीन दिवस माझ्याकडं नेरूळला होतीस. त्या तीन दिवसांत मी सायमनकाकांना विचारलं, त्यांनी लगेच मान डोलावली, मी पेंटर बोलावला आणि पाटी पुसून घेतली. 'सिनेगॉग' लिहून घेतलं, छान ठळक. तुला हिरवा गॉगल लावून रिक्षातून परत आणलं. तू उतरलीस. फाटकासमोर उभी राहिलीस. गॉगल काढलास, परत घातलास. म्हणालीस, "डॉक्टरनं डोळा नीट बसवला नाही गं. मला काहीतरी भलतंच दिसतंय."

एवढंच. शिवी दिली असतीस तर मी पण चार बोलले असते, आणि मोकळं झालं असतं. तू त्यानंतर त्या पाटीबद्दल एक चकार शब्द काढला नाहीस. माझ्यासाठी घाऱ्या केल्यास, नव्या वर्षाचा हलवा डब्यात भरून दिलास, माझ्या पोराचं कौतुक केलंस. मला वाटलं, बाई विसरली. म्हातारपण आलं, नरम पडली. माझी अक्कल बघ! पन्नास वर्षं ओळखत होते मी तुला की पाच?

तू गेलीस. सात दिवस आम्ही शोकाला खाली जमिनीवर बसलो. चौथ्या दिवशी जनामावशी आली, आता तीही वाकली आहे, माझ्याशेजारी टेकली आणि मशिदीकडं बघत म्हणाली, "तुजी आत्या म्होरल्या फाटकानं जायाची बंद झाली, तुला ठाव हाय ना?" मी म्हटलं, "गुडघ्यांमुळं ना मावशी? पुढं पायऱ्या आहेत." जनामावशीनं माझ्याकडं अशी नजर टाकली, आत्या! म्हणाली, "गुडघे कंचे घेऊन बसलीस? मागं तर चिखल रानभर. त्या चिखलातनं जायाची. मी इचारलं तर बोलली, त्या पाटीखालनं मी जायाची नाय. आनी एस्तूला सांगू नको, ती पोर भिऊन बसली हाय, तिला वाईट वाटंल."

दोन वर्षं. दर शुक्रवारी, सणावारी, खोबरेलाची बाटली घेऊन, चिखलातून, मागच्या फाटकानं. आणि मला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोलू दिलं नाहीस. मी तिथंच उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. तुझा राग आला. खरंच आला. एवढं मन जपायचं काय नडलं होतं? दोन वर्षांत कधीतरी एक थोबाडीत दिली असतीस तर मी त्याच दिवशी शिडी लावून ती पाटी खरवडली असती. तू मला संधीच दिली नाहीस. हे मी तुला माफ करणार नाही, आणि मी केलेलं तूही करू नकोस. फिट्टंफाट.

तुला कबरस्तानात नेताना खांदेकरी सवयीनं मशिदीसमोर थांबले. वर ती माझी पाटी. मला वाटलं तू आता उठून बसशील आणि म्हणशील, मागनं न्या रे मला.

तेव्हा सायमनकाकांची लाल काट बघितली आणि माझं डोकं सणकलं. मी सरळ कळवलं, दगडावर 'मशीद' लिहायचं, नाहीतर दगड बसवायचाच नाही, कबर उघडी राहू दे. ते चार दिवस बोलले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी फोन आला. शांतपणे समजावत होते. "एस्तेर, तुला माझं पटत नसेल, पण ऐक. आपण चार घरं उरलोय. चार घरांनी शूरपणा करायचा नसतो. तो शब्द आता धोक्याचा झालाय. तो आपण सोडलेला बरा. मिलकानं ऐकलं नाही, तू तरी ऐक." ते पुढं म्हणाले, "फोनवर नको. उद्या सकाळी साडेदहाला मशिदीत ये, समोरासमोर बोलू."

मी म्हटलं, "कुठं येऊ?"

"मशिदीत गं."

"काका, आवाज तुटतोय. कुठं?"

"अगं मशिदीत, मशि..." आणि ते थांबले.

आत्या, मी हसले नाही. शपथ. शेवटी ते म्हणाले, "तू मिलकाची आहेस, यात शंका नाही," आणि फोन ठेवला.

काल सकाळी गेले. सायमनकाका बाकावर बसले होते, तुझे पेले साखळ्यांना लोंबत होते, रिकामे. म्हणाले, "तोंडातून येतं ते वेगळं आणि दगडावर लिहायचं ते वेगळं. तोंडातलं हवेत जातं. दगड लोक वाचतात." मी म्हटलं, "वाचू देत." त्यांचा आवाज चढला. "तुला काय जातंय? तू बाराव्या मजल्यावर. इथं मी आणि तुझी काकू राहतो. कुणी भिंतीवरून उडी मारून आलं तर दार आमचं वाजणार." ते खोटं नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. म्हटलं, "काका, मलाही भीती वाटते. म्हणून तर पाटी मी पुसली. तुमच्या लाल पेनाच्या आधी माझा ब्रश होता. पण मला सांगा, आज मशीद पुसली. उद्या रोजा पुसायचा. मग कबरस्तान. आणि मग सण कशाला, तो तर हिंदूंचा शब्द, तोही काढू. शेवटी आपण बोलायचं कशात? आजीनं मला ज्या भाषेत झोपवलं त्यातलं काय ठेवायचं ते तरी यादी करून द्या."

मग मी म्हटलं, "दगडावर तिच्या ओळीखाली माझं नाव घाला. लिहून घेणारी एस्तेर, राहणार नेरूळ. कुणी विचारायला आलं तर सरळ माझ्याकडं धाडा. मी सरबत नाही पाजणार, पण उत्तर देईन."

सायमनकाकांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि डोळे पुसले, की उलटं, मला नीट दिसलं नाही. म्हणाले, "नाव बिव काही नको घालायला. तुझं नाव घालून तुला काय कबरस्तानात पाठवायचंय? दगडवाला दुपारी बंद करतो. शब्बाथ लागायच्या आत उरकून ये." उठताना परत म्हणाले, "ओळ तुझ्याच अक्षरात दे. माझ्या हातानं नको." मी त्यांचे दोन्ही हात घेतले, बोटं ओठांना लावली. भीती त्यांची गेलेली नाही, आणि त्यांनी हो म्हटलं ते भीती ठेवूनच. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण तू त्यांना कायम भित्रा म्हणायचीस. आता म्हणू नकोस.

तिथून निघाले ती थेट शिरवण्याला, एमआयडीसीच्या रस्त्यावर दगडकाम करणारे आहेत त्यांच्याकडं. साताऱ्याकडचे गृहस्थ, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा दगडाची भुकटी. हिब्रू अक्षरं त्यांनी कागदावरून हुबेहूब कोरून ठेवली होती. त्याखाली तुझं नाव. त्याखालची जागा रिकामी. मी माझा कागद दिला. त्यांनी हळूहळू वाचला, बोट ठेवून. परत वाचला.

"ताई, चुकलं न्हाई न्हवं? वरची अक्षरं यहुद्यांची म्हनला व्हता. आन्‌ खाली मशीद?"

"चुकलं नाही. तसंच आहे."

"लोक इचारतील ओ."

"विचारू देत."

त्यांनी मान हलवली, छिन्नी उचलली, मग काहीतरी सुचून थांबले. म्हणाले, "तसं असंल तर असं करू या का? ही एक ओळ कोरायची न्हाई, नुसती काळ्या रंगात लिहितो. दिसंल बी झ्याक. आन्‌ पुढं-मागं काय झालंच, तर पुसून दुसरं लिवता येतंय. लई जन तसंच करून घेत्यात."

चांगल्या मनानं सांगत होते बिचारे. मी त्यांच्यासमोर खाली दगडाच्या चुऱ्यात बसले आणि ज्या शब्दावर लाल काट होती त्या शब्दावर बोट ठेवलं.

"कोराच, भाऊ," मी म्हटलं. "आणि हा शब्द जरा जास्त खोल जाऊ द्या. मागच्या वेळी रंगातच लिहिला होता. पुसणारी मीच होते."